वाचकांचे प्रश्न : कोळसा जळतो, मग जातो कुठे?

कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सारखे प्रश्न एकाच उत्तरात आणले आहेत. सगळ्या हिशेबांत ५०० मेगावॉटचा, पूर्ण भाराने चालणारा एक संच धरला आहे. त्याचा कोळसा मध्यम प्रतीचा आहे: किलोमागे ३,६०० किलोकॅलरी उष्णता, ३५ टक्के राख, अर्धा टक्का गंधक.

प्रश्न : असा एक संच दिवसाला किती कोळसा खातो आणि त्यातून नेमकं काय काय बाहेर पडतं? (विज्ञान शिक्षिका)

पूर्ण भारावर हा संच दिवसाला १ कोटी २० लाख युनिट वीज तयार करतो. साध्या, जुन्या पद्धतीच्या संचाला एका युनिटसाठी साधारण २,४०० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे वर सांगितलेल्या कोळशाचा पाऊण किलोपेक्षा थोडा कमी भाग, सुमारे ६७० ग्रॅम. दिवसाचे झाले ८,००० टन. मालगाडीचा डबा ६० टनांचा धरला तर १३३ डबे.

आता हे ८,००० टन कुठे जातात ते पाहू. ३५ टक्के राख म्हणजे २,८०० टन. त्यातली पाचवा हिस्सा, ५६० टन, जड होऊन बॉयलरच्या तळाशी पडते. उरलेली २,२४० टन पिठासारखी बारीक असते आणि वायूंबरोबर उडत चिमणीच्या दिशेने निघते. गंधक ४० टन, आणि ते जळून होणारा सल्फर डायऑक्साइड ८० टन. दर टन कोळशात ०.१५ ग्रॅम पारा धरला तरी दिवसाला १.२ किलो पारा. कार्बन ४० टक्के धरला तर ३,२०० टन, आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड साधारण ११,७०० टन.

हा शेवटचा आकडा मुलांना कोड्यात पाडतो. आठ हजार टन कोळशातून पावणेबारा हजार टन वायू निघाला कसा? वाढलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. कार्बनच्या १२ भागांना ऑक्सिजनचे ३२ भाग चिकटतात आणि ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होतो. फळ्यावर हे एवढं एकच गणित मांडलं तरी पुरे, कारण ‘एका युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड’ हा आकडा त्यातूनच येतो. पुढची सगळी उत्तरं याच हिशेबावर उभी आहेत. यंत्रणा कोणतीही बसवा, टन नाहीसा होत नाही. तो हवेतून राखेत, राखेतून पाण्यात किंवा विटेत जातो, एवढंच.

प्रश्न : आमच्या जवळच्या केंद्रातून कधी पांढरा ढग निघतो, कधी काहीच दिसत नाही. दिसत नाही तेव्हा प्रदूषण बंद असतं का?

नाही. आधी तो ढग कशातून निघतो ते पाहा. कमरेत आवळलेल्या, रुंद, डमरूसारख्या मनोऱ्यातून निघत असेल तर तो कूलिंग टॉवर. त्यातून पाण्याची वाफ आणि थोडे बारीक थेंब येतात, कोळशाचा धूर येत नाही. धूर उंच, निमुळत्या चिमणीतून येतो. सल्फर डायऑक्साइडला रंगच नसतो, कार्बन डायऑक्साइडलाही नाही. म्हणजे हिशेबातले ८० टन आणि ११,७०० टन डोळ्यांना दिसणारच नाहीत.

दिसतं त्याचा अर्थ मात्र लावता येतो. संच सुरू करताना काही तास काळा धूर निघतो, कारण तेव्हा बॉयलर तेलावर तापवतात. राख पकडणाऱ्या यंत्राच्या पत्र्यांवर न जळलेलं तेल चिकटू नये म्हणून ते यंत्र त्या काळात सहसा बंद ठेवतात. सतत करडा पट्टा दिसत असेल तर राख निसटते आहे. निळसर धुरकट छटा बहुधा गंधकाम्लाच्या अतिसूक्ष्म थेंबांची असते, आणि किंचित पिवळट-तपकिरी छटा नायट्रोजन डायऑक्साइडची. चिमणीच्या तोंडाशीच दाट पांढरा ढग होऊन पुढे विरत असेल, तर तिथे गंधक धुण्याची ओली यंत्रणा (चुनखडी कालवलेल्या पाण्याने वायूतला सल्फर डायऑक्साइड पकडणारी) चालू आहे आणि वायू ५०-५५ अंशांवर, पाण्याने भरलेला बाहेर पडतो आहे.

प्रश्न : ‘आमचं ईएसपी ९९.९ टक्के राख पकडतं’ असं केंद्राचे अधिकारी सांगतात. मग राख येते कुठून? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

९९.९ हा आकडा खोटा नाही, पण तो सगळं नीट चालू असतानाचा आहे. ईएसपी म्हणजे विजेच्या ओढीने राख पकडणारं यंत्र. मधल्या तारांवर ५०-६० हजार व्होल्ट ऋण दाब देतात. तारांभोवती हवा विजेने भारली जाते, तो भार राखेच्या कणांवर बसतो आणि कण बाजूच्या मोठ्या पत्र्यांकडे ओढले जाऊन चिकटतात. ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर ठोके देतात, राखेचा थर निसटून खाली हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या पेटीत, पडतो आणि तिथून हवेच्या दाबाने सायलोकडे, म्हणजे राख साठवण्याच्या उंच टाकीकडे, ढकलला जातो.

यंत्रात असे कप्पे एकामागे एक असतात. त्यांना फील्ड म्हणतात. सहा फील्डचं यंत्र घेऊ. प्रत्येक फील्डने तिच्यापर्यंत आलेल्या राखेतली ६८ टक्के पकडली आणि ३२ टक्के पुढे सोडली, तर सहा फील्डनंतर हजारात एक भाग उरतो. हेच ते ९९.९ टक्के. आमच्या हिशेबात २,२४० टनांपैकी सव्वादोन टन चिमणीतून बाहेर. आता एक फील्ड बंद पडली असं धरा. पाच फील्डनंतर हजारात तीनहून अधिक भाग उरतात, म्हणजे सात टन. दोन बंद पडल्या तर शेकडा एक, म्हणजे बावीस टन. ‘सहापैकी चार चालू आहेत’ हे ऐकायला ठीक वाटतं, पण बाहेर पडणारी राख दहापट झालेली असते. (खऱ्या यंत्रात पहिली फील्ड जाड कण आणि शेवटच्या बारीक कण पकडतात, त्यामुळे आकडे थोडे हलतात, पण कल हाच राहतो.)

फील्ड बंद पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हॉपर तुंबणं. हॉपरचा हीटर बिघडला किंवा हवा गळून आत आली की राख गार होते, ओल धरते, गोळा होते आणि खाली सरकत नाही. वर ढीग चढत जातो, तारांना टेकतो आणि शॉर्ट होऊन फील्ड ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. ढीग तसाच राहिला तर तारांच्या चौकटी वाकतात, मग संच बंद करून आत शिरल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. दुसरं कारण कोळशातच असतं. गंधक कमी असलेल्या कोळशाची राख विजेला फार रोध करते. पत्र्यावरच्या थरातच उलट ठिणग्या पडू लागतात आणि पकडलेली राख परत वायूत उडते. त्यावर उपाय म्हणून वायूत मोजका अमोनिया किंवा सल्फर ट्रायऑक्साइड सोडतात. तिसरं कारण एअर प्रीहीटरमधली, म्हणजे भट्टीत जाणारी हवा आधी तापवणाऱ्या यंत्रातली, गळती. बाहेरची हवा आत घुसली की वायूचं आकारमान आणि वेग वाढतो, आणि कणाला पत्र्यापर्यंत जायला वेळच मिळत नाही.

म्हणून अधिकाऱ्यांना टक्केवारी विचारू नका. गेल्या महिन्यात किती फील्ड किती तास बंद होत्या, ते विचारा.

प्रश्न : गच्चीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज काळपट धूळ बसते. ती केंद्राचीच आहे हे ओळखायचं कसं?

घरच्या घरी बरंच कळतं. गच्चीचा एक स्वच्छ कोपरा पुसून घ्या. तिथे स्टीलचं सपाट ताट चोवीस तास ठेवा. जमलेली धूळ कोरड्या ब्रशने पांढऱ्या कागदावर घ्या आणि तिचे तीन भाग करा.

पहिला भाग स्टीलच्या जुन्या चमच्यात घेऊन आचेवर चांगला तापवा. खिडकी उघडी ठेवा. कोळशाची भुकटी लाल होऊन धुमसते आणि मागे थोडीशीच फिकी राख उरते. आधीच जळून आलेली राख तापवून फारशी बदलत नाही. दुसऱ्या भागावरून कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. उडत्या राखेत लोहयुक्त गोळ्या असतात, त्या काळ्या केसांसारख्या उभ्या राहतात. काही भागांतल्या मातीतही लोहकण असतात, त्यामुळे फक्त या चाचणीवर विसंबू नका. तिसरा भाग शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली १०० पट मोठा करून पाहा. निर्णय इथेच लागतो. कोळशाचे कण काळे, चकाकणारे, कोन असलेले तुकडे असतात. माती म्हणजे वेड्यावाकड्या पारदर्शक कपच्या. आणि उडती राख म्हणजे काचेचे गोल गोल मणी, काही पोकळसुद्धा, कारण भट्टीत वितळलेला खनिजाचा थेंब वायूत तरंगतच गार झालेला असतो. असे मणी साध्या मातीत मिळत नाहीत.

एक गोष्ट ध्यानात घ्या. हाताला लागेल इतकी राख घराजवळ पडत असेल तर ती उंच चिमणीतून आलेली असण्याची शक्यता कमी. चिमणीतली राख फार बारीक असते आणि दूर जाते. जवळ पडते ती सुकलेल्या राख-तलावाची (पाण्यात कालवलेली राख साठवतात तो तलाव), सायलोखाली भरताना उडालेली किंवा ताडपत्री नीट न बांधलेल्या ट्रकची. कोळशाची भुकटी असेल तर साठ्याचं आवार आणि कन्व्हेअर पाहा. ताटासोबत रोज वाऱ्याची दिशा आणि वेळ वहीत लिहा. पंधरा दिवसांच्या नोंदी असतील तर तक्रारीला वजन येतं.

प्रश्न : राख-तलावाशेजारी आमची विहीर आहे. पाणी दिसायला स्वच्छ आहे. कोणती तपासणी करावी?

या प्रश्नाला जास्त जागा देत आहोत, कारण इथे सगळ्यात जास्त फसगत होते.

जुन्या पद्धतीत राख पाण्यात कालवून पाइपने तलावात सोडतात. एक टन राखेमागे आठ-दहा टन किंवा त्याहून जास्त पाणी लागतं. राख खाली बसते, वरचं पाणी काढून घेतात, आणि तळाला अस्तर नसेल तर काही पाणी जमिनीत मुरतं. राखेच्या मण्यांवर भट्टीत वाफ होऊन परत जमलेली द्रव्यं असतात: आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, गंधकाची लवणं. पृष्ठभागावर असल्यामुळे ती पाण्यात लवकर उतरतात.

साधी पिण्याच्या पाण्याची तपासणी जंतू, क्षारता आणि आम्लता पाहते. ती पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. प्रयोगशाळेला बोरॉन आणि सल्फेट आवर्जून मागा. हे दोन घटक मातीला फारसे चिकटत नाहीत, पाण्याबरोबर सरळ पुढे सरकतात, म्हणून तलावाची गळती विहिरीत सगळ्यात आधी यांच्या रूपाने दिसते. आर्सेनिक मागून येतं, कधी कधी अनेक वर्षांनी. बोरॉन-सल्फेट वाढलेलं दिसलं की मग आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम, षट्संयुजी क्रोमियम आणि फ्लोराइड यांची तपासणी करा.

नमुना एकाच विहिरीचा घेऊ नका. भूजल ज्या बाजूने तलावाकडे येतं त्या चढाच्या बाजूची एक विहीर आणि उताराच्या बाजूच्या दोन, अशा तीन घ्या. एकाच दिवशी, एकाच पद्धतीने. चढाच्या विहिरीतही बोरॉन तेवढंच असेल तर ते तिथल्या खडकाचं असू शकतं. धातूंसाठीची बाटली प्रयोगशाळेने आम्ल घालून दिलेली असावी, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून आकडा कमी येतो. पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या.

पाण्याइतकंच लक्ष बंधाऱ्याकडे हवं. २२ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या किंग्स्टन इथला राखेचा बंधारा फुटला आणि सुमारे ४१ लाख घनमीटर ओली राख नदीत आणि तीनशेहून अधिक एकर जागेवर पसरली. ओली राख भरीव दिसते, पण धक्का बसला किंवा आतल्या पाण्याचा दाब वाढला की ती क्षणात द्रवासारखी वाहते. राखेवरच राखेचा पुढचा टप्पा बांधत उंची वाढवलेले बंधारे म्हणूनच नाजूक असतात. बाहेरच्या उतारावर नवा ओला डाग किंवा हिरवळीचा पट्टा दिसला, काठावर लांबीच्या दिशेने भेग पडली, किंवा आतलं पाणी काठाला येऊन टेकलं, तर लगेच कळवा. पायथ्याशी झिरपणारं पाणी नितळ असेल तर नोंद ठेवा. ते गढूळ झालं तर आतून राख वाहून पोकळी होत आहे. तेव्हा खालच्या बाजूची माणसं आणि जनावरं आधी हलवा, पत्रव्यवहार नंतर.

प्रश्न : उडत्या राखेच्या विटांनी घर बांधलं तर किरणोत्सर्गाचा धोका आहे का?

कोळशात युरेनियम आणि थोरियम अगदी अल्प असतं. कोळसा जळून गेल्यावर तेच राखेत उरतं, म्हणून राखेत त्याचं प्रमाण कोळशापेक्षा काही पटींनी जास्त असतं. तरी ते साधारणपणे नेहमीच्या माती-खडकांच्या आसपासचंच किंवा थोडं वर असतं. विटेत राख घट्ट बांधली जाते. घर हवेशीर ठेवा आणि निश्चिंत राहा. राख विटेत आणि सिमेंटमध्ये जाणं हे तलावात पडून राहण्यापेक्षा केव्हाही बरं. काळजी घ्यायची ती कारखान्यात राख हाताळणाऱ्यांनी, कारण सुकी राख फुप्फुसात जाते. तोंडाला रुमाल पुरत नाही, बारीक कण अडवणारा मास्क लागतो.

प्रश्न : गंधक धुण्याच्या यंत्रणेसाठी चुनखडी खणावी लागते आणि उलट कार्बन डायऑक्साइड वाढतो, असं वाचलं. मग ती बसवून उपयोग काय?

वाचलेलं खरं आहे, पण आकडे शेजारी ठेवून पाहा. ८० टनांपैकी ९५ टक्के, म्हणजे ७६ टन सल्फर डायऑक्साइड पकडायला साधारण १३५ टन चुनखडी लागते. तिच्यातून ५२ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. संचाच्या ११,७०० टनांपुढे हा अर्ध्या टक्क्याहून कमी. पंखे आणि पंप चालवायला केंद्राची एक ते दीड टक्का वीज जाते, तिचा वाटा धरला तरी दोन टक्क्यांच्या आत. बदल्यात ७६ टन आम्लधर्मी वायू रोज हवेत जायचा थांबतो आणि दोनशे टन जिप्सम मिळतो, जो सिमेंट आणि बोर्डसाठी वापरता येतो.

‘चिमणी उंच आहे, वायू विरून जातो’ हा युक्तिवादही बऱ्याच पत्रांत आहे. उंच चिमणीमुळे शेजारच्या गावातलं प्रमाण कमी होतं, एकूण टन कमी होत नाहीत. वर गेलेला सल्फर डायऑक्साइड काही तासांत ते काही दिवसांत सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतो, ढगात तर फार झपाट्याने, आणि शेकडो किलोमीटर दूरच्या माणसाच्या फुप्फुसात जातो. युरोपातल्या चिमण्यांचं गंधक स्कँडिनेव्हियातल्या तळ्यांत आम्ल होऊन उतरलं, मासे मेले, आणि त्यातूनच सीमापार वायुप्रदूषणावरचा १९७९ चा जिनिव्हा करार झाला. म्हणून गंधक धुणं आवश्यक आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

यंत्रणेची दुखरी बाजू आहे ती सांडपाण्याची. धुण्याच्या पाण्यात क्लोराइड साठत जातं, म्हणून काही पाणी सतत बाहेर काढावं लागतं. त्यात सेलेनियम आणि पारा असतो. वेगळी प्रक्रिया न करता ते राख-तलावात सोडलं तर हवेतला प्रश्न विहिरीत आणला, एवढंच होतं. शिवाय ईएसपी नीट चालत नसेल तर राखेतलं अ‍ॅल्युमिनियम आणि वायूतलं फ्लोराइड मिळून चुनखडीच्या कणांवर थर बसतो, चुनखडी विरघळेनाशी होते आणि कितीही ओतली तरी गंधक पकडलं जात नाही.

प्रश्न : पारा चिमणीतून निघतो, मग माशांत कसा येतो?

भट्टीत सगळा पारा वाफ होतो. पुढे क्लोरीनशी संयोग झालेला पारा पाण्यात विरघळतो आणि धुण्याच्या यंत्रणेत अडकतो. मूळ धातुरूपातला पारा निसटतो आणि महिनोन्‌महिने वाऱ्यावर फिरतो. तो तळ्याच्या गाळात उतरला की तिथले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. शेवाळातून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्यात त्याचं प्रमाण वाढत जातं. म्हणून गर्भवती स्त्रियांनी आणि लहान मुलांनी मोठे, शिकारी मासे टाळून लहान मासे खावेत. पाऱ्यावरच्या, २०१७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात कोळशाची वीजकेंद्रं येतात ती यामुळेच.

प्रश्न : एक संच किती पाणी पितो?

कंडेन्सर, म्हणजे टर्बाइनमधून आलेल्या वाफेचं पुन्हा पाणी करणारं यंत्र, गार ठेवायला तासाला सुमारे ६०,००० घनमीटर पाणी फिरत राहतं. कूलिंग टॉवरमध्ये त्यातलं अंदाजे ९०० घनमीटर वाफ होऊन जातं. हे टाळता येत नाही. टाळता येतं ते फेकलं जाणारं पाणी. वाफ गेली की क्षार मागे राहतात, म्हणून थोडं खारट झालेलं पाणी काढून टाकावं लागतं. मूळ पाण्याच्या तिप्पट खारट होईपर्यंत वापरलं तर तासाला ४५० घनमीटर फेकावं लागतं, पाचपट होईपर्यंत वापरलं तर २२५. दिवसाला ५,४०० घनमीटरची बचत. त्याहून पुढे ताणलं तर नळ्यांत चुन्याचा आणि सिलिकाचा थर बसतो, कंडेन्सरमधला निर्वात कमी होतो आणि त्याच विजेला जास्त कोळसा लागतो.

प्रश्न : साठ्यातल्या कोळशातून धूर येतो. पाणी मारावं का?

धुमसत्या गाभ्यावर थेट पाणी मारू नका. पाणी वरच्या वर वाट काढतं, गाभ्यापर्यंत पोचत नाही, आणि तप्त कोळशावर वाफ पडली की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तापलेला भाग यंत्राने उकरून मोकळ्या जागी पातळ पसरावा, तिथे गार करावा आणि मग तोच सगळ्यात आधी वापरून टाकावा. ढिगात खुपसलेल्या तापमापकाने ६० अंश दाखवले की उकरायची वेळ झाली, धुराची वाट पाहू नये. मूळ उपाय म्हणजे पातळ थर देत दाबून रचणं, ढिगाच्या कडा मोकळ्या न सोडणं आणि आधी आलेला कोळसा आधी वापरणं.

प्रश्न : जुना संच बंद करून तिथेच नवा, जास्त कार्यक्षम संच येणार आहे. जाहीर सुनावणीत काय विचारावं?

कार्यक्षमता ३६ वरून ४२ टक्क्यांवर गेली तर त्याच विजेला कोळसा सातव्या हिश्शाने कमी लागतो, ८,००० टनांचे ६,८५० होतात. राख, गंधक, कार्बन, सगळं त्याच प्रमाणात घटतं. घट चांगली आहे, पण ती पूर्ण भारावरची. दुपारी सौरवीज भरपूर असताना संच अर्ध्या भारावर आणला की कार्यक्षमता काही टक्क्यांनी घसरते, तेल जाळून ज्योत टिकवावी लागू शकते, आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी उत्प्रेरकाची यंत्रणा ३०० अंशांखाली नीट काम करत नाही. म्हणून पहिला प्रश्न हा: दाखवलेले आकडे कोणत्या भारावरचे आहेत?

दुसरा प्रश्न जुन्या राखेचा. संच पाडला तरी तलाव जागेवरच राहतो. त्याला अस्तर आहे का, वर मातीचं आवरण कधी घालणार, विहिरींची तपासणी किती वर्षं चालू ठेवणार, हे लेखी मागा.

तिसरा प्रश्न बेरजेचा. गेल्या वर्षी किती टन कोळसा आला, त्यात राख किती टक्के होती, त्यातली किती सिमेंटला गेली, किती विटांना, किती खाणी भरायला आणि किती तलावात. कोळशाचे टन गुणिले राखेचे टक्के म्हणजे राखेचे टन, हे गुणाकार घरूनच करून न्या. बेरीज जुळली नाही तर फरकाचे टन कुठे गेले हे तिथेच विचारा आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.